चित्राखालची ओळ कोणी लिहायची?



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकापाशी, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी बोनसवर किंवा ऊसतोडीच्या दरावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय दिला तो असा, की १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना छायाचित्रण आणि ललित लेखन ही दोन्ही एकत्र का शिकवावीत आणि कशी शिकवावीत. युनियनवाल्याला हे काय सुचले, असे काहींच्या मनात आले असेल. माझे म्हणणे असे, की हा विषय मजुरीच्या विषयाचा सख्खा भाऊ आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी आज उभा आहे.

प्रथम आपल्या घरातली स्थिती पाहू. आज बहुतेक घरांत मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. पोळ्याच्या एका दिवसात गावात जितकी छायाचित्रे निघतात, तितकी आपल्या आजोबांच्या उभ्या हयातीत निघाली नसतील. पण त्याच मुलाला म्हणा, ‘बाबा, या चित्रात काय आहे ते चार वाक्यांत लिही,’ की तो मान खाली घालतो. उलट शाळेत ‘माझी आई’ हा निबंध तो पानभर लिहितो. त्या निबंधातली आई पहाटे उठून सडा घालते, देवपूजा करते, मुलांना गोष्टी सांगते. त्याची खरी आई त्या वेळी कोयता घेऊन फडात गेलेली असते. निबंध मार्गदर्शकातला, आईही मार्गदर्शकातली. म्हणजे एका बाजूला डोळा आहे, पण त्याला शब्द नाही. दुसऱ्या बाजूला शब्द आहेत, पण त्यांना डोळा नाही. या दोघांची गाठ घालून देणे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा मतलब आहे.

आता जरा इतिहासात जाऊ. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. देशभरच्या जातिजमातींच्या माणसांची छायाचित्रे आणि सोबत मजकूर, असे त्यांचे स्वरूप. चेहरे आपल्या लोकांचे, मजकूर मात्र साहेबाचा. कोण इमानी, कोण दगलबाज, कोण कामाचा, याचा निवाडा त्या मजकुरात आहे. चित्रातला माणूस तेथे बहुधा जातीचा नमुना म्हणून उभा आहे; त्याचे स्वतःचे म्हणणे काय, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. याच वर्षांत, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. एकातून दुसरे निघाले असे मी म्हणत नाही. पण दोहोंमागची नजर एकच आहे. माणूस समोर उभा करायचा आणि त्याच्याविषयीची ओळ आपण लिहायची!

ही गोष्ट साहेबाबरोबर गेली असे समजू नका. आमच्या एका फाटकसभेचे छायाचित्र एका वृत्तपत्राने छापले होते. थकलेला पगार मागण्यासाठी माणसे शांतपणे रांगेत उभी होती. चित्रात रांग स्वच्छ दिसत होती. खाली ओळ होती : ‘फाटकावर जमलेला जमाव.’ चित्र खरे होते. ओळीने त्याला खोटे पाडले. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ अशी म्हण आहे. मी तिला पुरवणी जोडतो : दिसते तसेच असले, तरी खाली लिहिणारा ते बदलू शकतो. म्हणून कामकऱ्याच्या मुलाने नुसता कॅमेरा धरायला शिकून भागणार नाही. त्याला ती ओळही लिहिता आली पाहिजे.

चित्र आणि ओळ एकाच हातात आली म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. लुईस हाइन नावाचा एक शिक्षक होता. त्याचे वडील लवकर वारले, तेव्हा तरुणपणी त्याने कारखान्यात मजुरी केली. पुढे तो न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिक्षक झाला. तेथे त्याच्या हाती कॅमेरा आला आणि तो मुलांनाही छायाचित्रण शिकवू लागला. पुढे जगप्रसिद्ध झालेला छायाचित्रकार पॉल स्ट्रँड हा त्याच शाळेतला त्याचा विद्यार्थी. १९०८ पासून हाइन बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी गिरण्यांतून, खाणींतून हिंडला. मालक आत घेत नसत, तेव्हा कधी बायबल विकणारा, तर कधी आगीची तपासणी करणारा म्हणून आत शिरला. नुसते चित्र घेऊन तो थांबत नसे. मुलाचे नाव, वय, काम, तास यांची टिपणे खिशातल्या वहीत करी. मुलाची उंची आपल्या कोटाच्या कोणत्या गुंडीपर्यंत येते, हे पाहून तो त्याच्या वयाचा अंदाज बांधी. नुसते चित्र असते, तर मालक म्हणाला असता, ‘हा पोरगा बापाचा डबा घेऊन आला होता.’ नुसते लेखन असते, तर म्हणाला असता, ‘अतिशयोक्ती आहे.’ दोन्ही एकत्र आल्यावर उत्तर देणे कठीण झाले. अशा अनेकांच्या प्रयत्नांनंतर १९३८ साली तेथे बालमजुरीवर देशव्यापी बंधने घालणारा कायदा आला.

हाइन मुलांची चित्रे घेत होता. पुढची पायरी म्हणजे मुलांनी स्वतः चित्रे घेणे. वेंडी इवाल्ड या बाईंनी १९७०च्या दशकात अमेरिकेच्या केंटकी राज्यातील डोंगराळ, कोळसा खाणींच्या भागात शाळकरी मुलांच्या हाती साधे कॅमेरे दिले. मुलांनी घरची माणसे, जनावरे, इतकेच काय, आपली स्वप्नेसुद्धा चित्रित केली आणि त्यांविषयी स्वतःच्या शब्दांत सांगितले. १९८५ साली त्याचे पुस्तक झाले. पुढे बाई आपल्या गुजरातेतील एका खेड्यात येऊन मुलांबरोबर राहिल्या. त्याही कामाचे पुस्तक १९९६ साली निघाले. १९९० पासून डरहॅम या गावच्या शाळांत त्यांनी ‘छायाचित्रातून साक्षरता’ असा उपक्रमच उभा केला. त्यातले विषय चार : मी, माझे कुटुंब, माझी वस्ती, माझे स्वप्न. आधी चित्र वाचायला शिकायचे, मग मनात चित्र योजून लिहायचे, मग काढायचे आणि काढल्यावर पुन्हा लिहायचे. क्रम ध्यानात घ्या. लेखन येथे चित्राच्या शेपटीला बांधलेले नाही; ते चित्राच्या आधीही आहे आणि नंतरही आहे.

आपल्याकडे या कामाची माती तयार आहे. नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधू’ चालवीत आणि गिरणी कामगारांची संघटनाही बांधीत. म्हणजे मराठी कामगार चळवळ जन्मली तीच लेखणी हातात घेऊन. नारायण सुर्वे यांना गिरणी कामगाराने वाढवले; त्यांच्या १९६६ सालच्या संग्रहाचे नावच ‘माझे विद्यापीठ’. अण्णाभाऊ साठे यांची शाळा तर जेमतेम दीड दिवसाची. या लोकांनी लेखणी दुसऱ्याकडून हिसकून घेतली. कॅमेरा मात्र फार काळ परक्या हातात राहिला, कारण तो महाग होता. आज ते कारण बरेचसे उरलेले नाही.

मुंबईत ‘पुकार’ या संस्थेने २००५ पासून वस्त्यांतल्या तरुणांना आपल्याच जगण्याचे संशोधन करायला शिकवले. तिचे एक संस्थापक अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ साली असे मांडले, की संशोधन हा साऱ्यांचा हक्क आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे छायाचित्रांतून जगापुढे मांडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या संग्रहात चित्र आणि मजकूर हातात हात घालून येतात, आणि तो मराठीतही वाचता येतो. आणि इतके लांब तरी कशाला? नीरा ओलांडून फलटणला जा. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने १९८६ साली तेथे कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा काढली. मुलाने पाठांतर सोडून आपल्या अनुभवाचे आपल्या शब्दांत लिहावे, यावर तिथे भर आहे. पुलापलीकडे जे होते, ते अलीकडे का होऊ नये?

आता प्रत्यक्ष शिकवायचे कसे, ते सांगतो. समजा, बीडकडून आलेल्या ऊसतोड्याची १४ वर्षांची मुलगी आहे. कारखान्याच्या हंगामात ती कोपीत राहते. तिला सांगायचे, की तुझ्या आईचे काम करतानाचे चित्र काढ. पण दिवसाला पाचच चित्रे काढायची. मर्यादा घातली की ती आधी पाहील आणि मग बटण दाबील. तिने चित्र आणले : आई मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे चालली आहे, मागे बाप ऊस तोडतो आहे. आता पाच प्रश्न. चित्रात काय दिसते? चित्रात येऊ न शकलेला वास, आवाज, थंडी कोणती? चित्राच्या आधी काय घडले आणि नंतर काय होईल? चौकटीबाहेर कोण राहिले? आणि या चित्रातल्या माणसाला तुला काय विचारायचे आहे?

पहिल्या प्रश्नाला ती लिहील, ‘दोन माणसे काम करीत आहेत.’ मग तिला मुकादमाचा हिशेब आठवेल. त्या हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ असतो. चित्रात दोन माणसे, वहीत एक कोयता! उचल बापाच्या नावावर, मोळी आईच्या डोक्यावर. बंधुभगिनींनो, या मुलीला मी भाषण देऊन जे पटवू शकणार नाही, ते तिला तिचे स्वतःचे चित्र आणि तिचे स्वतःचे वाक्य शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसेल. चित्राने ‘दोन’ दाखवले. लिहायला बसल्यावर ‘एक’ कोठून आला हा प्रश्न पडला. नुसत्या चित्रात तो प्रश्न नव्हता, आणि नुसत्या निबंधातही तो आला नसता. म्हणून मी म्हणतो की ही दोन्ही एकत्रच शिकवली पाहिजेत.

या कामाला शिस्त हवी. पहिला नियम : विचारल्याशिवाय कोणाचे चित्र काढायचे नाही. दुसरा : लिहिलेली ओळ त्या माणसाला वाचून दाखवायची; तो ‘नको’ म्हणाला तर ती ओळ खोडायची. आपण साहेबाला नावे ठेवायची आणि आपल्या मुलांनी शेजाऱ्याच्या दारिद्र्याची चित्रे मिरवायची, हे चालणार नाही. तिसरा : प्रत्येक चित्राखाली गाव, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव. आता न घडलेल्या प्रसंगाचेही हुबेहूब चित्र यंत्र तयार करून देते. अशा काळात ‘मी तेथे होतो, मी पाहिले’ असे सांगून खाली सही करणाऱ्या माणसाची किंमत वाढली आहे. चौथा : मुलांची चित्रे आईबापांच्या संमतीवाचून मोबाईलवरून गावभर पाठवायची नाहीत.

आक्षेप मला ठाऊक आहेत. ‘मुलांचा अभ्यास बुडेल.’ जो मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून १० वाक्ये लिहितो, त्याला मराठीच्या पेपराची भीती उरत नाही. ‘मोबाईलने मुले बिघडली, त्यात तुम्ही आणखी तोच हातात देता?’ मोबाईल हातात आहेच. त्याला काम कोणी देत नाही, हे दुखणे आहे. ‘मुलींच्या हाती कॅमेरा नको.’ या आक्षेपाला मी सर्वांत जास्त भितो, कारण तो मोठ्याने कोणी बोलत नाही. घरातला मोबाईल भावाच्या खिशात असतो आणि बहिणीला तो मागून घ्यावा लागतो. म्हणून या वर्गात निम्म्या मुली असल्याच पाहिजेत, आणि वर्गाचा मोबाईल वर्गाच्या मालकीचा असला पाहिजे.

माझी सूचना लहान आहे. येत्या हंगामात, दिवाळीनंतर, १२ रविवार. मुले २०, १० गावातली, १० कोपीवरची. एरवी ही मुले एकमेकांना रस्त्यावरून पाहतात, बोलत नाहीत. जुने पण चालू पाच मोबाईल, २० वह्या आणि चित्रे छापून घेण्याचा खर्च. शाळेने खोली द्यावी, ग्रामपंचायतीने भिंत द्यावी, खर्चाचा वाटा उचला असे मी आमच्या युनियनच्या सभेत मांडीन. शिमग्याच्या सुमारास, गाड्या परत फिरण्याआधी, चित्रे आणि खालच्या ओळी भिंतीवर लावाव्यात आणि चित्रातल्या माणसांना पहिल्या दिवशी पाहायला बोलवावे. पाहुणा नको, फीत कापणे नको.

या २० मुलांतून छायाचित्रकार किंवा लेखक निघतीलच, असा माझा दावा नाही. बहुतेक जण शेतात, कारखान्यात, दुकानात जातील. पण उद्या त्यांच्यापैकी कोणासमोर हजेरीचा कागद येईल, पंचनामा येईल, वर्तमानपत्रातले चित्र येईल, तेव्हा तो सही करण्यापूर्वी विचारील : हे मी पाहिले तेच आहे का, आणि खालची ओळ कोणी लिहिली? एवढा प्रश्न विचारणारी माणसे गावात २० असली, तर ते गाव फसवायला अवघड जाते.  सूचनेचा विचार व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.