तालमीत बोलावं, पारावर नव्हे

जत्रेच्या नाहीतर गणपतीच्या निमित्तानं गावोगाव नाटकं बसतात. बहुतेक ठिकाणी ती बसवतात शाळेचे मास्तरच. आज त्यांच्याशी आणि त्यांच्या नटमंडळींशी चार शब्द बोलायचे आहेत.

आधी माझीच फजिती सांगतो. एका नाटकात मी म्हाताऱ्या बापाचं काम करीत होतो. मुलगा घर सोडून निघतो, त्या प्रवेशात मी हुंदके देत बोलायचो. तालमीत रोज सगळे म्हणायचे, "वा, मास्तर!" प्रयोगाच्या रात्री मागं बसलेल्यांना एक शब्द कळेना. ऐन करुण प्रसंगी आवाज आला, "मोठ्यानं बोला की!" आणि मांडवभर हशा पिकला.

मागाहून समजलं, की पेटीवाल्यापासून सर्वांना हा दोष ठाऊक होता. पारावर त्याची चर्चाही झाली होती. पण दोष त्यांचा थोडा, माझा अधिक. पहिल्याच तालमीत एका पोरानं "शब्द कळत नाहीत" म्हटलं, तेव्हा मी त्याला दटावलं होतं. मग पुढं कोण कशाला बोलेल?

तेव्हापासून एक रीत ठेवली आहे. तालीम संपली, की सगळे गोल बसतात. सर्वांत लहान असेल तो आधी बोलतो. मोठ्यांनी आधी मत दिलं, तर लहान मान डोलावतात. "तुला काम येत नाही" असं म्हणायचं नाही. "दुसऱ्या प्रवेशात तू पाठ फिरवलीस, वाक्य ऐकू आलं नाही" असं म्हणायचं. ज्याच्याविषयी बोलणं चाललं असेल, त्यानं लगेच उत्तर द्यायचं नाही. उद्या तसं करून पाहायचं.

कधीकधी मात्र बोलूनही मत जुळत नाही. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं रंगभूमीवर आणलं. नाटकाच्या आशयावरून संस्थेतच वाद झाला आणि प्रयोग थांबले. ज्यांना ते करायचंच होतं, ते बाहेर पडले. १९७३ साली त्यांनी थिएटर अकॅडमी काढली. पुढं हेच नाटक युरोपातही गेलं. वाट वेगळी झाली, पण ती नाटक कसं असावं या प्रश्नावर. आतल्या कुजबुजीनं नव्हे.

तेव्हा मास्तर, यंदा नाटक बसवाल, तेव्हा एक पोरगा मांडवाच्या अगदी टोकाला बसवा. तालीम संपली, की पहिल्यांदा त्याला विचारा, काय ऐकू आलं नाही? आणि तो सांगेल तेव्हा रागावू नका.