बोलायचं कुणाशी?



नाशिकच्या पंचवटीत राहणाऱ्याला पेठ रोड आणि दिंडोरी रोडवरच्या बाजार समितीची वर्दळ नवी नाही. मुंबईकडे निघणारी भाजीची गाडी भरत असते, क्रेटवर क्रेट चढत असतो. तो क्रेट उचलणाऱ्या हमालाला विचारा, तुमचा मालक कोण? तो एका व्यापाऱ्याचा माल उतरवतो आणि तासाभरानं दुसऱ्याची गाडी भरतो. त्याची टोळी ठरलेली असते, मालक ठरलेला नसतो. मग मजुरी वाढवून मागायची ती कुणाकडे? कामगार संघटना आणि वाटाघाटी या आजच्या विषयाची सुरुवात मला या प्रश्नापासून करावीशी वाटते.

महाराष्ट्रानं याचं उत्तर १९६९ साली दिलं. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारांतली ओझी वाहणारी माणसं संघटित केली आणि त्या रेट्यातून माथाडी कायदा आला. मालक अनेक असले तरी मंडळ एक, ही त्यातली मुख्य कल्पना. व्यापाऱ्यानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरायची. मंडळानं हमालाचा पगार द्यायचा आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी सांभाळायची. मंडळावर कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी समसमान, जोडीला सरकारचे. ज्याला बोलायला समोर कुणी नव्हतं, त्याला कायद्यानं समोर माणूस बसवून दिला.

म्हणून भांडणं संपली असं नव्हे. २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले, ते शेतकऱ्याच्या पैशांतून होणाऱ्या हमाली, तोलाई आणि वाराईच्या कपातीवरून आणि लेव्हीच्या वादातून. व्यापारी आणि हमाल-मापारी अडून बसले आणि माल घेऊन आलेला शेतकरी मध्ये अडकला. त्यातून मी एक धडा घेतला. दोघांचा वाद वेळेवर मिटला नाही, तर त्याची किंमत तिसरा मोजतो. म्हणून वाटाघाटीची जागा सतत जागती हवी, संप झाल्यावर उघडणारी नको.

आता गोदावरी ओलांडून सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत चला. तिथल्या मोठ्या कारखान्यांत युनियन मागणीपत्र देते, व्यवस्थापनाबरोबर बैठकांवर बैठका होतात, काही वर्षांसाठी वेतन करार होतो. पगारवाढ किती, उत्पादन किती वाढवून द्यायचं, मेडिक्लेममध्ये आईवडील धरायचे की नाही, यावर घासाघीस होते. करार झाला की गेटवर गुलाल उधळला जातो. तो आनंद रास्त आहे. पण त्याच लाइनवर, तेच काम करणारा कंत्राटी मुलगा त्या गुलालात नसतो. कंपनी त्याला म्हणते, ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणतो, कंपनी देईल तेवढंच मी देणार. पेठ रोडवरच्या हमालाचा प्रश्न यंत्रांच्या गर्दीत पुन्हा उभा राहतो: बोलायचं कुणाशी?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार एका आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असतील, तर वाटाघाटीचा हक्क हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला मिळतो. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल, तर वाटाघाटी परिषद बसते. संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच ठरतो. काम थांबवण्याची वाट अरुंद झाली आहे. म्हणून बैठकीची तयारी आता जास्त लागेल. कंपनीचा ताळेबंद वाचता येणारे, उत्पादनाच्या नॉर्म्सचं गणित स्वतः मांडणारे तरुण कमिटीत हवेत. भाषण गाजवणाऱ्याइतकाच मान आकडे मांडणाऱ्याला मिळाला पाहिजे.

आणि हजेरीपटाकडे नीट पाहा. कंत्राटी कामगाराचं नाव ठेकेदाराच्या पटावर असतं, कंपनीच्या नाही. कायम कामगार निवृत्त होत जातील, त्यांच्या जागी ठेक्यावरची मुलं येतील, आणि एक दिवस युनियन ५१ टक्क्यांची असेल, पण कारखान्यातल्या मूठभरांचीच. त्या दिवशी व्यवस्थापन तिचं का ऐकेल? कंत्राटी मुलासाठी बोलणं याला कुणी उपकार समजू नये. युनियनचं स्वतःचं वजन त्यावर टिकून आहे.

माथाडींनी दाखवून दिलं आहे की मालक दिसत नसला तरी संघटना त्याला समोर आणू शकते. हातात मोबाइल घेऊन घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलांनाही उद्या हीच वाट शोधावी लागेल.

तेव्हा सातपूर-अंबडच्या मित्रांनो, पुढचं मागणीपत्र लिहायला बसाल, त्याआधी शेजारच्या मशीनवरच्या कंत्राटी मुलाला एवढंच विचारा, तुझी मागणी काय? तो जे सांगेल, ते पहिल्या पानावर लिहा.