आजी-आजोबांसाठी फुग्यांचे प्राणी

खोपोलीच्या रमाधाममध्ये किंवा कर्जत-खालापूर भागातल्या कुठल्याही वृद्धाश्रमात पावसाळ्यातली दुपार फार लांबते. अंगणातली फेरी बंद, भेटायला येणारेही कमी. अशा वेळी लांबट फुग्यांना पीळ घालून कुत्रा, हंस, फूल बनवणारा कुणी आला, तर सगळ्या दिवाणखान्यात जीव येतो.

या कलेतला नेहमीचा फुगा ‘२६०’ नावाने ओळखला जातो. फुगवल्यावर तो सुमारे २ इंच जाड आणि ६० इंच लांब होतो, म्हणून हे नाव. तो हातपंपाने भरावा आणि टोकाकडची चार-पाच बोटं रिकामी ठेवावीत. प्रत्येक पिळासरशी हवा पुढे सरकते. तिला जागा मिळाली नाही, तर फुगा फुटतो. पीळ एकाच दिशेने द्यावेत, नाहीतर ते उलगडतात.

नुसता खेळ दाखवून निघणं मला अपुरं वाटतं. बोटं संधिवाताने आखडली असतील, तर पीळ आपण घालावा, फुगा आजींनी धरावा. पुढचा प्राणी कोणता, हे आजोबांनी सांगावं. बैल म्हणाले, की भातशेतीच्या गोष्टी निघतातच.

एक काळजी मात्र घ्याच. हे फुगे रबराच्या चिकापासून बनतात आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. फुटण्याच्या आवाजाने श्रवणयंत्र लावलेले दचकतात. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीने फुटका तुकडा तोंडात घातला, तर श्वास अडकू शकतो. म्हणून जाण्याआधी व्यवस्थापकांशी बोला आणि निघताना प्रत्येक तुकडा वेचून न्या.