कोंबडीचे आतडे आणि आपला अतिदक्षता विभाग

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



या प्रसंगी प्रशासकाने वर्षभरातील रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि खाटांचा वापर यांचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. ती आकडेवारी अहवालात स्वतंत्रपणे दिलेली असल्याने तिची पुनरुक्ती करीत नाही. त्याऐवजी आज कुक्कुटपालनाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला कोंबड्यांशी काय कर्तव्य, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. पण हा विषय माझ्यापुढे आला तो औषधखरेदीच्या वहीतून.

कोलिस्टिन नावाचे एक इंजेक्शन अतिदक्षता विभागासाठी मागवावे लागते. हे प्रतिजैविक १९४९च्या सुमारास जपानमध्ये सापडले. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून पुढे डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले होते. इतर औषधांना जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा अडगळीतले हे औषध पुन्हा बाहेर काढावे लागले. कल्चरच्या अहवालात एकेका औषधापुढे ‘प्रतिरोधी’ असा शेरा येत जातो आणि शेवटी हे एकच नाव उरते. तेही उरले नाही, तर डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात. येथे बसलेल्यांपैकी काही कुटुंबांनी तो प्रसंग अनुभवला आहे. त्याविषयी अधिक बोलत नाही.

हेच कोलिस्टिन आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात व पाण्यात मिसळले जात होते. पुष्कळदा आजार बरा करण्यासाठी नव्हे, तर पिल्लांचे वजन लवकर भरावे म्हणून. नोव्हेंबर २०१५मध्ये चीनमधील संशोधकांनी या औषधाला निष्प्रभ करणारा एमसीआर-१ हा जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही आढळल्याचे जाहीर केले. हा जनुक एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे सहज जाऊ शकतो, ही त्यातली खरी भयावह बाब. जुलै २०१९मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता. तो आणखी काही वर्षे आधी व्हायला हवा होता, असे माझे मत आहे.

मात्र रुग्णालयातील प्रतिरोधाचे सारे खापर कोंबडीवर फोडणे अन्यायाचे होईल. भारतातील रुग्णांमध्ये दिसणारा कोलिस्टिनचा प्रतिरोध मुख्यतः जंतूंच्या स्वतःच्या गुणसूत्रांतील बदलांमुळे येतो, असे येथील अभ्यास सांगतात. म्हणजे आपण माणसांनी माणसांवर केलेला औषधांचा मारा त्याला अधिक कारणीभूत आहे. लाल रेघ असलेली गोळी चिठ्ठीशिवाय मागणारे आणि देणारे, दोघेही आपल्याच गल्लीत राहतात.

कोंबडीच्या खाद्यात औषध गेले कसे, याचा इतिहास हिशेबाच्या माणसाला विशेष उद्बोधक वाटतो. १९४८च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे शास्त्रज्ञ ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोधात होते. ऑरिओमायसिन तयार केल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना घातला आणि पिल्ले अपेक्षेपेक्षा जोमाने वाढली. टाकाऊ मालाला बाजार मिळाला. पुढे जगभर ही प्रथाच पडली.

ती टिकली कशी, हे आपल्या जिल्ह्यातील एखाद्या करारावरच्या शेडचा हिशेब मांडला की उमगते. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेतकऱ्याची शेड, वीज आणि मेहनत. त्याला मोबदला मिळतो तो वाढवलेल्या किलोवर, आणि एक किलो वजनासाठी किती खाद्य लागले त्यावर. पाच हजार पक्षी सरासरी दोन किलोंचे झाले, तर वजन दहा हजार किलो. किलोमागे १.६ऐवजी १.७ किलो खाद्य लागले, तर एका खेपेत एक टन खाद्य जास्त गेले. इतक्या अरुंद काठावर चालणाऱ्या माणसाला हगवणीची एक साथ पुरते बुडवू शकते. मराठवाड्याच्या मे महिन्यात उन्हाने पक्षी धापा टाकीत असताना तो औषधाची पुडी पाण्यात टाकतो, तेव्हा त्याला खलनायक म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

मग उपाय कोणता? येथे मला फिनलंडमधील एका संशोधनाची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती शास्त्राची असूनही आपल्या परसातली आहे.

१९७१मध्ये त्या देशातील कोंबड्यांत साल्मोनेला जंतूचा मोठा प्रादुर्भाव झाला. नुर्मी आणि रंताला या संशोधकांच्या लक्षात आले की, एका दिवसाच्या पिल्लाला मोजके जंतूही बाधतात, पण काही आठवड्यांनी तेच पिल्लू त्यांना सहज परतवून लावते. फरक आतड्यात होता. मोठ्या कोंबडीच्या आतड्यात असंख्य निरुपद्रवी जंतूंची दाट वस्ती असते आणि नवख्याला तेथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्यांनी निरोगी, प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना पाजले आणि पिल्ले साल्मोनेलापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहिली. हे काम १९७३मध्ये प्रसिद्ध झाले.

आता आपली गावरान खुडूक कोंबडी आठवा. ती एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पिल्ले बाहेर येतात, तिच्या पंखाखाली वावरतात, तिच्यामागे उकिरड्यात टोचे मारतात. आईच्या आतड्यातील वस्ती अशा रीतीने पहिल्या दोन-चार दिवसांतच पिल्लाच्या पोटात येते. उबवणी यंत्रातून निघालेले पिल्लू मात्र आई पाहतच नाही. ते स्वच्छ ट्रेमध्ये जन्मते, खोक्यातून प्रवास करते आणि त्याच्या रिकाम्या आतड्यात जो जंतू प्रथम पोहोचेल तो ठाण मांडतो. यंत्राला मी दोष देत नाही. आपल्या शहरातही शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे आणि ग्रामीण भागात सुधारित पिल्ले पोहोचविण्यात अशा केंद्रांचा वाटा मोठा आहे. प्रश्न एवढाच की, आईने जे दिले असते ते आता माणसाने द्यायचे.

आज जगभर चाललेले संशोधन याच दिशेचे आहे: उपयुक्त जंतूंचे पूरक खाद्य, सेंद्रिय आम्ले, पचन सुलभ करणारी विकरे. रक्ती हगवणीने आतड्याचे अस्तर सोलले गेले की क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूला आयतेच खाद्य मिळते, म्हणून त्या हगवणीला आळा घालणे हाही जिवाणूंच्या बंदोबस्ताचाच भाग ठरतो. बाकी गोष्टी साध्या आहेत. तुसाची गादी कोरडी हवी, पिण्याचे पाणी क्लोरिन घातलेले हवे, एक खेप पूर्ण गेल्यावरच शेड धुऊन दुसरी आणावी. लसीचे तर बोलायलाच नको. प्रयोगशाळेत क्षीण केलेल्या जंतूची पहिली लस पाश्चर यांनी १८८०च्या सुमारास केली, ती कोंबड्यांच्या पटकीवरच.

औषध बंद केल्यास धंदा बुडेल, अशी भीती डेन्मार्कमध्येही होती. तेथील उत्पादकांनी १९९८मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविके स्वेच्छेने थांबविली. किलोमागे खाद्य किंचित अधिक लागले, पण औषधांचा खर्च वाचला त्यात ती तूट बहुतांशी भरून निघाली. युरोपीय संघाने २००६पासून सर्वत्र तसा नियम केला. आणि बोस्टनजवळ डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर मला अधिक धीर देणारा वाटतो. टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांजवळ राहणाऱ्या कुटुंबाच्या आतड्यांतही काही महिन्यांत प्रतिरोधी जंतू आले. परंतु ते खाद्य काढून घेतल्यावर सहा महिन्यांत तपासलेल्या बहुतेक व्यक्तींतून ते दिसेनासे झाले.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक खुलासा करणे आवश्यक आहे. यातून कोणीही अंडी सोडण्याचा निष्कर्ष काढू नये. फेब्रुवारी २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तो विषाणूचा आजार होता. परंतु त्या धास्तीने जेथे रोगाचा लवलेश नव्हता तेथीलही शेतकरी भरडले गेले. २०२०च्या आरंभी करोनाच्या अफवेने तेच पुन्हा घडविले. अंडे पूर्ण उकडावे, मांस नीट शिजवावे, कच्च्या मांसाची सुरी कोशिंबिरीला वापरू नये. शस्त्रक्रियेतून उठणाऱ्या रुग्णाला एवढी स्वस्त आणि उत्तम प्रथिने दुसरीकडे मिळणे कठीण.

आता संस्थेपुरते दोन प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवतो. रुग्णालयाच्या स्वयंपाकगृहासाठी अंडी व चिकन यांचे पुढील दरपत्रक मागविताना, वाढीसाठी प्रतिजैविके वापरली जात नसल्याचे लेखी हमीपत्र पुरवठादाराकडून घ्यावे. त्यामुळे दर थोडा चढेल. तो स्वीकारावा अशी माझी शिफारस आहे. दुसरा प्रस्ताव सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेचा. कल्चरचा अहवाल लवकर आला, तर डॉक्टरांना अंदाजाने भारी औषध सुरू ठेवावे लागत नाही आणि कोलिस्टिन खऱ्या गरजूसाठी शिल्लक राहते. देणगीदार एखादी खोली किंवा खाट आप्तांच्या नावे देतात, त्याबद्दल संस्था ऋणी आहेच. प्रयोगशाळेतील यंत्रावर नावाची पाटी लागली तरी ती फारशी कोणाच्या नजरेस पडत नाही, याची मला कल्पना आहे. तरीही या वर्षी देणगीचा विचार करताना त्या यंत्राचा विचार अग्रक्रमाने व्हावा, ही विनंती. त्याचे अंदाजपत्रक हिशेबपत्रकांसोबत जोडले आहे. ते आता कोषाध्यक्ष महोदय आपणांपुढे सादर करतील.