केमाल पाशा : नायक की खलनायक?



केमाल पाशांचे नाव निघाले की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, असा पुरुष आपल्याकडे निपजायला हवा होता. दुसरा म्हणतो, त्याने दीन बुडविला. दोघांनीही त्यांच्याविषयी वाचलेले मात्र थोडेच असते.

१८८१ साली सलोनिकात जन्मलेल्या या लष्करी अधिकाऱ्याचे नाव १९१५ च्या गॅलिपोलीच्या लढाईत झाले. महायुद्धात तुर्कस्तान हरले, परक्या फौजा इस्तंबूलपर्यंत आल्या. तेव्हा केमाल पाशांनी एप्रिल १९२० मध्ये अंकाऱ्यात राष्ट्रसभा भरविली आणि सप्टेंबर १९२२ मध्ये ग्रीकांकडून इझमीर परत घेतले. त्या दिवसांत आपल्या वडीलधाऱ्यांनी तुर्कांसाठी दुवा मागितली, पैसे दिले. खिलाफत कमिटीचे अध्यक्ष मियाँ महंमद छोटानी हे मुंबईचेच लाकडाचे व्यापारी. आणि ती खिलाफत ३ मार्च १९२४ रोजी केमाल पाशांच्या राष्ट्रसभेनेच रद्द केली! भारतातून गेलेल्या पैशाचा काही भाग त्याच वर्षी निघालेल्या इश बँकेच्या भांडवलात गेला. इथल्या माणसाच्या मनाला ते लागले, यात नवल नाही. पण १९२० साली खलिफांच्याच शैखुल-इस्लामने अंकाऱ्याच्या लढवय्यांविरुद्ध फतवा काढला होता, हेही आपण मुलांना सांगितले पाहिजे.

त्याच ३ मार्चला आणखी एक कायदा झाला. देशातील सारे शिक्षण एका खात्याखाली आले आणि मदरसे बंद झाले. मग १ नोव्हेंबर १९२८ ला अरबी लिपी जाऊन रोमन आली. १ जानेवारी १९२९ पासून जुन्या लिपीत पुस्तक छापण्यास मनाई, आणि त्याच दिवसापासून १६ ते ४५ वयाच्या स्त्री-पुरुषांसाठी ‘राष्ट्रशाळा’ सुरू. केमाल पाशा स्वतः फळ्यापुढे उभे राहून अक्षरे शिकवीत. १९२७ साली शंभरात सुमारे दहा जणांना लिहिता-वाचता येत होते, १९३५ साली सुमारे वीस जणांना. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण किंमतही पाहा. एका पिढीत नातवाला आजोबांच्या कबरीवरचा मजकूर वाचता येईना. आपल्यापैकी अनेक घरांत हे दुखणे ओळखीचे आहे. आजोबांची उर्दू पत्रे ट्रंकेत आहेत आणि मराठी शाळेत शिकलेल्या नातवाला ती उलगडत नाहीत. फरक एवढाच की आपल्याला कोणी मनाई केलेली नाही. दोन्ही लिप्या घरात ठेवणे आपल्याच हाती आहे, आणि ते आपण करीत नाही.

मला केमाल पाशांविषयी खरी तक्रार आहे ती निराळीच. त्यांना ‘नाही’ ऐकवत नसे. १९२५ च्या शेख सईदच्या बंडानंतर वर्तमानपत्रे बंद पडली. टोपी घालण्याच्या सक्तीविरुद्ध बोलणाऱ्यांपैकी काही जण फासावर गेले. १९३० साली त्यांनीच मित्राला, फेतही बेंना, विरोधी पक्ष काढायला लावला. लोक त्या पक्षाकडे धावू लागताच तो तीनेक महिन्यांत गुंडाळला गेला. अजान १९३२ पासून तुर्की भाषेत द्यावी लागली, ती अरबीत परत आली १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

मुलींनी एक नाव लक्षात ठेवावे : हालिदे एदिब. १९१९ साली इस्तंबूलच्या मैदानात प्रचंड जमावापुढे त्या बोलल्या, पुढे केमाल पाशांच्या लष्करात राहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या. नंतर मतभेद झाले आणि त्यांनी देश सोडला. १९३५ च्या निवडणुकीत तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेत १७ स्त्रिया निवडून आल्या. सगळ्या जगाने वाहवा केली. त्याच वर्षी हालिदे एदिब दिल्लीत जामिया मिल्लियामध्ये आपल्या देशाविषयी व्याख्याने देत होत्या. त्या मायदेशी परतल्या १९३९ साली. केमाल पाशा नोव्हेंबर १९३८ मध्ये वारले होते.