विनोद म्हणजे तोंडी लावणं नव्हे

शहराच्या भर वस्तीत भुतं, यक्ष, देवदेवता बिनदिक्कत वावरताहेत आणि वाचणाऱ्याला हसू आवरत नाही, अशी एखादी मराठी कादंबरी आली की तिच्यावरची मतं जणू आधीच छापून ठेवलेली असतात. वाचक म्हणतो, "मजा आली, एका बैठकीत संपवली." परीक्षण लिहिणारा म्हणतो, "भाषा खुसखुशीत आहे, पण एवढी कल्पनाशक्ती काही गंभीर आशयासाठी वापरली असती तर बरं झालं असतं." एकाला हसू पुरलं, दुसऱ्याला ते आड आलं. पण दोघांनी केलं एकच. विनोद वेगळा काढला आणि लोणच्याच्या फोडीसारखा ताटाच्या कडेला ठेवला. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, आणि मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओ ऐकणारा मध्येच चहा टाकायला उठतो. अशा कादंबरीत विनोद हे लोणचं नसतं. ते भाकरीच्या पिठात घातलेलं कढत पाणी असतं.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही, हे नांदेड-लातूरकडच्या घरांत मी कशाला सांगायला हवं? पीठ जुनं होऊन विरी गेलेलं असेल तर गार पाण्यात मळलेली भाकरी थापतानाच कडेनं फाटते. मग काठवटीत पिठाचं आळं करून कढत पाणी ओततात, तेव्हा कुठे ते एकजीव होतं. अद्भुताचं असंच आहे. मेलेला माणूस उठून बोलू लागला, ही गोष्ट आपल्या बळावर टिकत नाही, लगेच चिरते. तिला बांधून ठेवतो तो विनोद. भाजलेल्या भाकरीतून पाणी वेगळं काढून दाखवा, असं आपण सुगरणीला म्हणत नाही. लेखकाला मात्र खुशाल म्हणतो.

पुरावा हवा असेल तर सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' घ्या. कादंबरी नव्हे, नाटक आहे, १९७४ सालचं. पण शहरी, अद्भुत आणि विनोदी या तिन्ही कसोट्यांना उतरणारं. त्यात भाऊराव मरतात आणि स्वतःच्याच मरणावर कीर्तन लावतात. आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावं, असा त्यांचा हट्ट आहे आणि ते स्मशान तर आता बंद झालंय. मेलेला माणूस बोलतो यावर आपला विश्वास कशानं बसतो? तो मोक्षाबद्दल बोलत नाही, सोयी-गैरसोयीबद्दल बोलतो म्हणून. ते हसू काढून टाका, खाली काय उरेल? एक अवघडलेलं प्रेत. या नाटकावर पुढे समीक्षेचं स्वतंत्र पुस्तक निघालं. म्हणजे आपल्याकडे नजर नाही असं नाही. रंगमंचावर जे चालवून घेतलं, ते कादंबरीत चालवून घ्यायला आपण कचरतो.

का कचरतो, याचं कारण इतिहासात आहे. मराठी कादंबरीची सुरुवातीची वाट बरीचशी अद्भुतातून गेली. १८६१ ची 'मुक्तामाला' आठवा. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घराघरातलं दुःख कादंबरीत आणलं, आणि ते फार मोलाचं काम होतं. पण तेव्हापासून खरं म्हणजे गंभीर, आणि अद्भुत म्हणजे पोरकट, असा हिशेब समीक्षेत बसून गेला. याच नांदेडात राहून नरहर कुरुंदकरांनी 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीची वाटचाल तपासली. त्या गावच्या वाचकांनी तरी हा हिशेब पुन्हा मांडून बघायला काय हरकत आहे? 'मुक्तामाले'च्याही मागे जायचं तर आपल्या पैठणच्या एकनाथांची भारुडं आहेत. भूत, विंचू, जोशी अशी सोंगं आणून त्यांनी हसवता हसवता अध्यात्म सांगितलं. मजा कुठली आणि आशय कुठला, हे सुटं करायला चारशे वर्षांत कुणी बसलं नाही.

अद्भुताला पोरकट मानणं बाहेरही झालं. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाने १९८३ पासून डिस्कवर्ल्ड नावाच्या अद्भुत जगावर एकामागून एक एक्केचाळीस विनोदी कादंबऱ्या लिहिल्या. वाचकांनी डोक्यावर घेतलं. बालसाहित्यासाठीच्या कार्नेगी पदकाचा मान मात्र मिळाला तो मुलांसाठी लिहिलेल्या, २००१ च्या कादंबरीला. आपल्याकडे भारत सासणे २०२२ मध्ये उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पुस्तक मुलांचंच आहे, तेव्हा त्यात वावगं काहीच नाही. पण भूतबंगल्याला मानाचं दार मुलांच्या बाजूनंच उघडावं, आणि मोठ्यांसाठीच्या भुताने मात्र ओट्यावर ताटकळत बसावं, हे काही बरं नव्हे.

आता आक्षेप. पहिला असा की दुष्काळ, नापिकी, कर्ज यांच्या प्रदेशात ही भुताखेतांची चैन कशाला? तर लातूरकरांनो, एप्रिल २०१६ आठवा. साडेतीनशेक किलोमीटरवरच्या मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून पहिली रेल्वे तुमच्या गावी आली. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. तहानलेल्यांनी गर्दी करायची नाही आणि पाणी रुळांवरून येणार! हे वीस वर्षं आधी कुणी कादंबरीत लिहिलं असतं, तर याच परीक्षणकर्त्याने 'अतिशयोक्ती' असा शेरा मारला असता. जिथे वास्तवच असं वागतं, तिथे सरळसोट वास्तववाद अपुरा पडतो. अद्भुत ही तिथली चैन नाही, गरज आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. अद्भुतात काहीही चालतं, मग पारखायचं काय? उलट आहे. समजा, विष्णुपुरीच्या धरणात आपलं पाणी अडवलं म्हणून गोदामाई अर्ज घेऊन नांदेडच्या महापालिकेत आली आणि खिडकीतल्या कारकुनाने तिच्याकडे रहिवासाचा दाखला मागितला. आपण हसतो, कारण कारकून त्याच्या नियमानं बरोबर आहे. पण दोनशेव्या पानावर त्याच गोदामाईने एका फटक्यात कचेरी बुडवली, तर मी लेखकाला विचारीन, मग ही बाई इतके दिवस रांगेत का उभी होती? इथे पारखायचं ते हे. स्वतः घातलेला नियम कादंबरी पाळते का? हसू त्या नियमातून येतं, की नियम मोडल्याचं झाकण्यासाठी येतं? जिथे विनोद नुसता वरून भुरभुरलेला आहे, तिथे जरूर झोडपा. मी सरसकट माफी मागत नाहीये. सगळ्याच भाकऱ्या टम्म फुगत नाहीत.

तेव्हा मूळ मुद्दा पुन्हा एकदा. विनोद आणि अद्भुत वेगवेगळे तोलू नका. परीक्षण लिहिणाऱ्यांनी 'रंजक आहे, पण' यातला 'पण' लिहिण्याआधी एक हसवणारा प्रसंग निवडावा आणि तो काढला तर कादंबरीचं काय होतं, ते लिहावं. आणि वाचकहो, 'मजा आली' म्हणून थांबू नका. वाचनालयात पुस्तक परत करताना कशामुळे मजा आली, तेही शेजारच्याला सांगा. एका वाक्यात जमेल.