वयोगट, ॲलर्जी आणि संख्याशास्त्राचा कौल

(बुलढाणा जिल्ह्यातील आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर केलेले भाषण)



डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यातील शेगाव तालुक्याने एक विलक्षण प्रसंग पाहिला. बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. बाधितांत मुले होती, तशी वृद्ध माणसेही होती. अशा वेळी आपण प्रथम यादी करतो, आणि ते योग्यच होय. परंतु यादी म्हणजे प्रमाण नव्हे. यादीत तरुण अधिक दिसले, तर गावात तरुणच अधिक आहेत, एवढाच त्याचा अर्थ असू शकेल. त्या वयोगटात एकूण माणसे किती, हे कळल्यावाचून तुलना होत नाही.

ती केसगळती ॲलर्जी होती, असे मला सुचवावयाचे नाही. मोजणीचा हा धडा मात्र ॲलर्जीलाही लागू पडतो. गाजरगवताचेच पाहा. १९५० नंतरच्या दशकात पुण्यात नजरेस आलेले हे तण आज राज्यभर बांधाबांधावर माजले आहे. त्यातील पार्थेनिन या द्रव्याचे अनेकांच्या त्वचेला वावडे असते. चेहरा, मान, कोपराची लवण येथे खाज सुटून चट्टे उठतात. हा त्रास तरुणांपेक्षा वयस्कांत अधिक असतो काय?

केवळ उदाहरणादाखल समजा, २०० तरुणांपैकी १२ जणांना आणि पन्नाशी उलटलेल्या २०० जणांपैकी २४ जणांना तो आढळला. म्हणजे ६ टक्के व १२ टक्के. येथे संख्याशास्त्र प्रथम उलट बाजू मांडते : दोन्ही गटांत मुळात फरकच नाही. यास शून्य गृहीतक म्हणतात. ते खरे असते, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरांत सुमारे चार वेळाच दिसला असता. शंभरांत पाच ही रूढ मर्यादा मानल्यास हे गृहीतक नाकारावे लागते.

आता प्रत्येक गटात १०० च माणसे घ्या. रुग्ण ६ आणि १२. टक्केवारी तीच, पण योगायोगाची शक्यता शंभरांत सुमारे चौदा होते. येथे फरक सिद्ध झाला नाही. फरक नाही असेही सिद्ध झाले नाही. अधिक माणसे तपासणे, हाच मार्ग उरतो.

फरक सिद्ध झाला तरी दोष वयाचाच, असे म्हणता येत नाही. ही ॲलर्जी वारंवारच्या संपर्काने जडते. वयस्क मंडळी वर्षानुवर्षे शेतात राबलेली आणि तरुण महाविद्यालयात जाणारे असतील, तर आपण वय नव्हे, निंदणाची वर्षे मोजली. म्हणून सारखेच काम करणाऱ्यांची वयोगटवार तुलना करावयास हवी.

हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. "हा म्हाताऱ्यांचा आजार" असा शिक्का घाईने मारला, तर निंदणाला जाणारी वीस वर्षांची मजूर मुलगी आपली खाज अंगावर काढील आणि दवाखान्याची पायरी चढणार नाही. यास्तव आपल्या नोंदवहीत वय, काम आणि कामाची वर्षे लिहा. ज्यांना त्रास नाही, त्यांचीही नोंद करा. त्या नोंदीवाचून कोणतीही कसोटी कौल देऊ शकत नाही, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.